पेरणी यंत्राचे माप अंगणातच घ्या



सोयाबीन निघाले, रानात ओल आहे आणि नांगरट न करता त्याच धसकटात थेट गहू पेरायचा, असा बेत पुष्कळ घरांत असतो. बेत चांगला आहे. मशागतीचा खर्च वाचतो, ओल उडत नाही आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याची वेळ साधते. रान तणाने माजलेले असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. आणि भाड्याचे यंत्र दारात आले की तसेच रानात नेऊ नका.

नोकरीच्या सुरुवातीला माझ्या हातून ही चूक झाली. एका विधवा मावशींच्या दोन एकरांत मी उभा राहून गहू पेरून घेतला. बियाच्या पेटीचा खटका आधीच्या शेतकऱ्याने लावला होता, तसाच राहू दिला. ऐंशी किलो बी आणले होते. रान संपले तरी निम्मे पोते शिल्लक. मावशी म्हणाल्या, "साहेब, बी उरलं, बरंच झालं की!" मलाही तेव्हा बरे वाटले. दहा-बारा दिवसांनी पाहतो तर गहू विरळ, आणि दर फेऱ्यात एक ओळ साफ मोकळी. एक नळी मातीने तुंबली होती. त्या साली मावशींनी खायचा गहू विकत घेतला.

पूर्वी चाड्यावर बाईची मूठ असे. बी कमी पडते की जास्त, ते तिच्या हाताला कळे. यंत्राला ते कळत नाही, म्हणून आपण मोजायचे.

यंत्र उचलून खाली भक्कम ठोकळे द्या. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नका. बी पेरताना जसे असेल तसेच, म्हणजे प्रक्रिया करून सावलीत सुकवलेले, पेटीत भरा. ओलसर बी अडखळत पडते. प्रत्येक नळीखाली एक पिशवी बांधा. यंत्र फिरवणाऱ्या चाकाचा घेर दोरीने मोजा, चाकाला चिंधी बांधा आणि हाताने वीस फेरे द्या.

आता हिशेब. समजा नऊ फण, दोन फणांत २२.५ सेंटिमीटर अंतर. म्हणजे पेरणीची रुंदी सव्वादोन हातांची नव्हे, दोन मीटरला थोडी जास्त. चाकाचा घेर दीड मीटर असेल तर वीस फेऱ्यांत ३० मीटर. क्षेत्र झाले साधारण ६१ चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याचे सहा दशांश. एकरी ४० किलो म्हणजे गुंठ्याला एक किलो. तेव्हा नऊ पिशव्यांत मिळून ६०० ग्रॅम बी हवे, एकेकीत ६५ ते ७० ग्रॅम. कमी भरले तर खटका थोडा उघडा, जास्त भरले तर मिटा आणि पुन्हा वीस फेरे द्या. वजनाचे काम घरातल्या शाळकरी मुलांकडे सोपवा, ती चोख करतात. एखादीच पिशवी हलकी भरली तर ती नळी किंवा तिच्यावरची खाचेची चकती तपासा. पिशवीत फुटके दाणे दिसले तरी तिथेच पाहा.

रानात गेल्यावर चिंधीचे वीस फेरे पुन्हा मोजा. धसकटात चाक घसरते. ३० ऐवजी ३३ मीटर अंतर गेले तर बी सुमारे दहावा हिस्सा कमी पडते आहे. तेवढा खटका वाढवा. दहा पावले गेल्यावर तास उकरा. बी तीन बोटे, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर खोल हवे. पुढचे फण खोल आणि मागचे उथळ जात असतील तर टॉप लिंक लांबवून यंत्र समतल करा. युरिया बियात मिसळू नका. खताची पेटी वेगळी आहे.

वळताना यंत्र आधी उचला. फण मातीत असताना ट्रॅक्टर मागे घेतला की नळ्या तुंबल्याच म्हणून समजा. घरचे एक माणूस मागून, चार पावले अंतर राखून चालू द्या आणि नजर नळ्यांवर ठेवायला सांगा.

गव्हाच्या पहिल्या पाण्याविषयी पुढच्या अंकात.