किल्लीआधी धडा हवा

पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ या काळात ‘ऑटोलिब’ योजनेतून विजेच्या मोटारी भाड्याने मिळत. अशी अनोळखी मोटार हाती आली तर? क्लच नाही, इंजिनाचा आवाज नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच अनेक विद्युत मोटारी ब्रेक न दाबताही मंदावतात. कारण चाकांमुळे फिरणारी मोटर तेव्हा जनित्र बनून बॅटरीत वीज भरते. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल, तर ही वीज साठवायला तिच्यात जागा नसते. मग काही मोटारी तितक्या मंदावत नाहीत आणि सवयीवर विसंबलेला चालक फसतो. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, किल्ली देण्यापूर्वी चालकाला मोकळ्या जागेत दहा मिनिटे हे दाखवलेच पाहिजे. अपघातानंतर कारण समजून काय उपयोग?