आमचे मोबाईल मेले नव्हते

'माझे आजवरचे मोबाईल' हा मराठीत आता एक पक्का निबंधविषय झाला आहे. सुरुवात नोकियाने, मग सापाचा खेळ, मग रंगीत पडदा, कॅमेरा, पहिला टचस्क्रीन आणि शेवटी 'गेले ते दिवस'. असे लेख वाचायला गोड असतात, मीही आवडीने वाचतो. पण त्या सगळ्यांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. जुना फोन गेला, कारण आपण पुढे गेलो. पगार वाढला, हौस वाढली, काळ बदलला.

माझं म्हणणं असं की ही थाप आहे. आणि ती आपणच आपल्याला इतक्या प्रेमाने मारतो आहोत की ज्यांनी ती मारायला हवी त्या कंपन्यांना जाहिरातीचा खर्चही करावा लागत नाही.

आमचं घर आंबोलीत. घाटमाथा, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, जूनमध्ये भिंतीला हात लावला तर ओला होतो आणि चपलांवर बुरशी येते. मोबाईलसारख्या वस्तूला इथे मरायला पुष्कळ कारणं आहेत. तरीही गेल्या वीस वर्षांत घरात आलेल्या सहा मोबाईलांपैकी खरोखर मेला तो एकच. एक आज वापरात आहे. उरलेले चार कपाटात पडून आहेत आणि चार्जर लावला तर चारही सुरू होतात. चौघांपैकी एकालाही आम्ही कंटाळलो नव्हतो.

पहिला होता नोकिया ११००. तो आम्ही विकत घेतला नव्हता. गणपतीला मुंबईहून आलेल्या काकांच्या बॅगेतून तो आला. कोकणातल्या बहुतेक घरांत पहिला मोबाईल असाच आला असणार. चाकरमानी नवा घेणार, जुना गावी भावाला देणार, भावाने वापरून झाला की तो कॉलेजात जाणाऱ्या पोराकडे जाणार. एका फोनचे तीन जन्म व्हायचे. पुस्तकं, शर्ट, सायकल जशी खाली सरकते तसा फोन सरकायचा आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. मोबाईल गरिबाच्या हातात कसा पोचला याचा इतिहास लिहिताना स्वस्त दर, स्पर्धा, २००३ पासून फुकट झालेले इनकमिंग हे सगळं येतं. ही बॅगेतली वाट मात्र कुणी मोजत नाही.

ही वाट चालू राहण्यासाठी दोन अटी होत्या. फोन कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालायला हवा आणि त्याचा सगळ्यात आधी थकणारा भाग, म्हणजे बॅटरी, घरच्या घरी बदलता यायला हवी. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत लोकांच्या हातात मोबाईल दिला, त्याचं आजही कौतुक होतं आणि ते रास्तही आहे. पण ते सीडीएमए संच त्या एकाच कंपनीला बांधलेले होते. त्यांतल्या सुरुवातीच्या कित्येकांत तर काढता येईल असं सिमच नव्हतं. ज्याने घेतला त्याच्यापुरता तो फोन. सेवा बंद झाली की डबा. तीच अट आज सिमऐवजी सॉफ्टवेअरमधून घातली जाते, एवढाच फरक.

बॅटरीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथेच सगळी गोम आहे. नोकिया ११०० जगभरात २५ कोटींच्या आसपास विकला गेला. टॉर्च होता, धूळ जाऊ नये म्हणून बटणांवर सलग रबरी पत्रा होता. त्याच्यात बीएल-५सी नावाची बॅटरी बसायची. तीच नोकियाच्या इतर डझनावारी मॉडेलांत बसायची आणि पुढे चिनी रेडिओंत, छोट्या स्पीकरांतही बसू लागली. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने जाहीर केलं की एका पुरवठादाराने बनवलेल्या या बॅटऱ्या चार्जिंगला असताना जास्त तापू शकतात. अशा बॅटऱ्या होत्या ४ कोटी ६० लाख. उपाय काय सांगितला? मागचं झाकण काढा, बॅटरीवरचा नंबर बघा, त्यातली असेल तर फुकट बदलून घ्या. फोन आपल्या खिशातच राहिला.

याच्याशेजारी २०१६ ठेवून बघा. सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. ती बॅटरी आत बंद होती, वापरणाऱ्याला काढता येत नव्हती. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा कंपनीला अख्खे फोनच परत मागवावे लागले आणि ते मॉडेलच बंद करावं लागलं. दोष दोन्हीकडे बॅटरीचाच. एकीकडे बॅटरी बदलली, दुसरीकडे लाखो चांगले पडदे, कॅमेरे, प्रोसेसर असलेले फोन बाद झाले. मधल्या नऊ वर्षांत तंत्रज्ञान पुढे गेलं म्हणतात ते हेच का?

बॅटरी आत चिकटवायचं कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: पाणी. फोन जलरोधक हवा तर झाकण निघून चालणार नाही. आंबोलीकराला हे उत्तर देणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. सॅमसंगच्याच २०१४ सालच्या गॅलक्सी एस५ चं झाकण नखाने निघायचं, बॅटरी हातात यायची आणि तरी त्याला पाण्यापासून संरक्षणाचं आयपी६७ मानांकन होतं. म्हणजे जमत होतं. आमच्याकडचा जो एकमेव फोन खरोखर मेला, तो माझा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला, घाटात भिजून मेला. बंद पाठीचा होता. जुने फोन भिजले की आई झाकण, बॅटरी, सिम सुटं करून चुलीजवळ ठेवायची आणि दोन दिवसांनी ते उठायचे. या फोनचं काहीच सुटं होत नव्हतं. सावंतवाडीच्या दुरुस्तीवाल्याने गरम हवा मारून पाठ उघडली तोवर आतल्या बोर्डावर हिरवट गंज चढला होता. पाणी आत जाऊ नये म्हणून लावलेल्या गोंदाने गेलेलं पाणी बाहेर येऊ दिलं नाही.

आता कपाटातल्या चौघांकडे वळतो, आणि त्यातल्याही बाबांच्या फोनकडे, कारण तो कसा मारला गेला हे मला धंद्यामुळे नीट कळतं.

बाबा पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेवर चहा, भजी, कणसं विकतात. धंदा खरा शनिवार-रविवारचा. जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत धरून दहाएक आठवडे. पर्यटक क्यूआर कोडवर पैसे देतात आणि आले की नाही हे बाबा फोनवर बघतात. फोन २०१७ साली घेतलेला, अँड्रॉइड ६ चा. पाच वर्षांनी, ऐन जुलैत, पैसे दाखवणारं ॲप उघडेना. 'तुमच्या उपकरणावर हे ॲप आता चालणार नाही' असा काहीसा मजकूर आला. बाबांनी मला पुण्याला फोन लावला, त्याच फोनवरून, आवाज अगदी स्वच्छ. म्हणाले, "मोबाईल बरो आसा, मगे ह्यां कित्याक चालना नाय?"

प्रश्न बिनतोड आहे. तांत्रिक उत्तर असं: प्रत्येक अँड्रॉइड ॲपच्या एका फाईलमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. मिन एसडीके व्हर्जन. अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीपासून पुढे हे ॲप चालेल ते तो आकडा सांगतो. अँड्रॉइड ६ म्हणजे २३, अँड्रॉइड ७ म्हणजे २४. कुणीतरी २३ च्या जागी २४ लिहिलं, आणि आंबोलीतला एक धडधाकट फोन ऐन सीझनमध्ये बाद झाला. बाबांनी नऊ हजारांचा नवा घेतला. दोन आठवड्यांची कमाई गेली.

हा आकडा कसा बदलतो ते सांगतो. कट वगैरे काही नसतो. एक बैठक असते. पडद्यावर तक्ता असतो: कुठल्या आवृत्तीवर किती टक्के वापरकर्ते. शेवटच्या ओळीत एक-दोन टक्के उरलेले असतात. त्यांच्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते, जुन्या लायब्ररी सांभाळाव्या लागतात. कुणीतरी म्हणतं, सोडून देऊया. दोन मिनिटांत विषय संपतो. गोष्ट अशी की ज्या ॲपचे दहा कोटी वापरकर्ते आहेत त्याचे दोन टक्के म्हणजे वीस लाख माणसं. आणि ही वीस लाख देशभर सारखी विखुरलेली नसतात. ती बहुतेक तिथे असतात जिथे फोन उशिरा पोचला, वापरलेला पोचला आणि जपून वापरला गेला. तक्त्यात गावाचं नाव नसतं, फक्त आवृत्ती असते. म्हणून निर्णय तांत्रिक वाटतो.

मोठ्या कंपन्या हे उघडपणे, तारीख सांगून करतात. व्हॉट्सॲपने ३१ डिसेंबर २०१८ नंतर नोकियाच्या एस४० प्रणालीवरचा पाठिंबा काढला, वर्षभराने विंडोज फोनचा. १५०० रुपयांच्या अनामतीवर घरोघर गेलेल्या जिओफोनवर २०१८ मध्ये वाजतगाजत आलेलं व्हॉट्सॲप २०२४ मध्ये नव्याने घेणं बंद झालं. या प्रत्येक तारखेला जगात लाखो फोन एका रात्रीत 'जुने' झाले. आदल्या संध्याकाळी ते जुने नव्हते.

यावर माझ्याच क्षेत्रातले मित्र एक चांगला आक्षेप घेतात: सुरक्षा. जुन्या आवृत्तीतली छिद्रं बुजवली जात नाहीत, अशा फोनवर पैशांचे व्यवहार धोक्याचे. हे खरं आहे, आणि बँकेच्या बाबतीत तर मी ते पूर्ण मान्य करतो. पण मग पुढचा प्रश्न विचारायला हवा ना: छिद्रं का बुजवली जात नाहीत? कारण फोनच्या कंपनीने अपडेट देणं थांबवलं. तिने का थांबवलं? कारण चिप बनवणाऱ्याने त्या चिपसाठीचं सॉफ्टवेअर देणं थांबवलं, किंवा स्वस्त मॉडेलवर खर्च करायची तिला गरज वाटली नाही. म्हणजे असुरक्षितता फोनच्या वयातून आपोआप उगवत नाही. कुणीतरी राखण सोडली म्हणून ती येते. राखण सोडणाऱ्याने दार उघडं असल्याची भीती घालून नवं घर विकायचं, हा न्याय मला पटत नाही.

शिवाय मनात आणलं तर काय करता येतं याचंही उदाहरण आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था संकेतस्थळांना सुरक्षेची प्रमाणपत्रं फुकट देते. २०२० मध्ये त्यांच्या लक्षात आलं की पुढच्या वर्षी एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपेल आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांवर, म्हणजे तेव्हाच्या जवळजवळ एक तृतीयांश अँड्रॉइडवर, कोट्यवधी संकेतस्थळं उघडणार नाहीत. नव्या फोनांचा सल्ला देऊन मोकळं होणं सोपं होतं. अँड्रॉइड मूळ प्रमाणपत्राची मुदत तपासतच नाही, आणि त्या आधारावर त्यांनी आणखी तीन वर्षांची सोय लावली. नफा नसलेल्या संस्थेला जे सुचलं ते हजारो इंजिनिअर पदरी असणाऱ्यांना सुचत नाही असं नाही. त्यांना ते परवडत नाही, कारण त्यातलेच कितीतरी जण फोनही विकतात.

दुसरा आक्षेप नेहमीचा: लोकांनाच नवं हवं असतं. काहींना असतं, घ्या की. पण ज्यांना नको आहे त्यांच्यापुढे काय पर्याय आहे तेवढं बघा. आमच्या नोकिया ११०० ला आजही टूजीवर आवाज येतो. २०२० मध्ये, देशातल्या पहिल्या मोबाईल कॉलला २५ वर्षं झाली त्या समारंभात, मुकेश अंबानींनी टूजी इतिहासजमा व्हावं असं म्हटलं. त्याआधीच, २०१८ च्या अखेरीपासून, खासगी कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली होती. रिचार्ज नाही तर काही दिवसांनी इनकमिंगही नाही. नुसत्या बोलण्यासाठी, डेटा गळ्यात न मारता, वेगळा प्लॅन द्या हे सांगायला ट्रायला डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलावा लागला. आई अकरावी शिकलेली आहे, तिला यूट्यूब नको आहे, तिला मुंबईच्या बहिणीशी बोलायचं आहे. या बाईला 'नव्याची हौस' कुठून चिकटवणार?

फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला, कारण अपडेटमुळे जुने आयफोन मंद होऊ शकतात हे ग्राहकांना सांगितलं नव्हतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावर पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, पुढे दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासाठी समिती नेमली. पोर्टलवर कंपन्यांची सेवाकेंद्रं सापडतात. ठीक आहे. मला त्याहून साधी गोष्ट हवी आहे: बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी तारीख मोबाईलच्या खोक्यावर. 'या फोनला सुरक्षेचे अपडेट अमुक महिन्यापर्यंत.' कायद्याने, ठळक, मराठीतही. मग बाबा दुकानात उभे राहून हिशोब करतील की नऊ हजारांत आपण पाच वर्षं घेतो आहोत की दोन. आणि सरकारी व बँकांची ॲप त्या तारखेच्या आत तो आकडा वाढवणार नाहीत, एवढी दुसरी अट.

युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरीचा कायदाही लागू होतो आहे. काही अपवाद सोडले तर वापरणाऱ्याला साध्या हत्यारांनी बॅटरी काढून बदलता आली पाहिजे. म्हणजे त्याच कंपन्या, त्याच कारखान्यांतून, तशी पाठ असलेले फोन बनवू लागतील. ते फोन सावंतवाडीच्या दुकानात येतील, की आपल्यासाठी गोंदाचा वेगळा माल निघेल, हे अजून कुणी दिल्लीत विचारलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.