पोहणारी बाई कुणाला नको आहे?

भाचा मार्सेयला एका जहाज कंपनीत नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे तीन आठवडे राहून आले. तिथं असताना एका रविवारी त्यानं मला कॅटामरान बोटीनं कालांकच्या किनाऱ्यानं फिरवून आणलं आणि माझे दोन फोटो खानदानाच्या ग्रुपवर टाकले. तासाभरात चार 'माशाअल्लाह' आले. मग एका चुलत दिरांनी विचारलं, "बोटीवर बाकीचे लोक कसल्या कपड्यांत होते?" त्यानंतर आणखी एका बुजुर्गांचा पर्द्याविषयी तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. त्यात माझं नाव नव्हतं, पण कुणाला उद्देशून आहे ते कळायला नावाची गरज नव्हती. समुद्र कसा होता, हे एकानंही विचारलं नाही.

दुसऱ्या फोटोत माझ्या शेजारी बुर्किनी घातलेली एक बाई होती. तो मी पुण्यातल्या एका जुन्या मैत्रिणीला पाठवला. ती चळवळीतली, मनानं चांगली. तिचं उत्तर आलं, "फ्रान्समध्ये जाऊनसुद्धा हेच? वाईट वाटलं."

दोघांनाही उत्तर द्यायचं आहे. पण आधी समुद्र कसा होता ते सांगते, कारण ते कुणी विचारलं नाही.

मार्सेयच्या जुन्या बंदरातून सकाळी निघालो. बारा प्रवासी, एक कप्तान, एक मदतनीस मुलगी. आदल्या दिवशी मिस्त्राल सुटला होता म्हणून फेरी रद्द झाली होती. हा उत्तरेकडून येणारा कोरडा, जोरकस वारा सुटला की लहान बोटी बंदरातच थांबतात. त्या रविवारी मात्र वारा पडलेला होता. शातो दीफचा किल्ला उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे वळलो, क्रवाझेतचं टोक आणि माईर बेट मागं टाकलं आणि मग ते कडे सुरू झाले. पांढरा चुनखडीचा दगड, सरळ पाण्यात उतरलेला. भेगाभेगांतून पाइनची झाडं, माती कुठं दिसत नाही. दोन कड्यांमध्ये समुद्र चिंचोळा होऊन आत शिरतो, त्याला तिथं कालांक म्हणतात. आपल्या खाडीसारखं दिसतं, पण खाडीचा चिखल नाही, खारफुटी नाही. तळाशी पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची कुरणं आहेत. त्यांना इजा होऊ नये म्हणून नांगर कुठं टाकायचा याचे नियम आहेत. २०१२पासून हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यान आहे.

कॅटामरान म्हणजे दोन सांगाड्यांची बोट. शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, बांधलेली लाकडं. दोन पायांवर उभी असल्यामुळे ती डोलत नाही, म्हणून माझ्यासारख्या मचव्यातसुद्धा मळमळणाऱ्या बाईला पोटातलं पाणी न हलता दिवस काढता आला. पुढं दोन सांगाड्यांच्या मध्ये जाळी ताणलेली असते. तिच्यावर पालथं पडलं की हातभर खाली पाणी पळताना दिसतं. मी दोन तास तशीच पडून होते. आमच्या वाडीत बावन्न वर्षांच्या बाईला असं पालथं पडता येईल अशी एक जागा मला कुणी दाखवावी.

मोर्जिऊच्या टोकापाशी कप्तानानं खाली बोट दाखवलं. तिथं पाण्याखाली ३७ मीटरवर एका गुहेचं तोंड आहे. आँरी कोस्के नावाच्या पाणबुड्यानं १९८५मध्ये ते शोधलं. आत घोड्यांची चित्रं आहेत आणि माणसांच्या पंजांचे ठसे आहेत, वीस-तीस हजार वर्षांपूर्वीचे. तेव्हा समुद्र शंभर मीटरपेक्षा जास्त खाली होता, माणसं चालत आत गेली. पुढं पाणी चढत गेलं.

दुपारी नांगर पडला आणि लोक पाण्यात उतरू लागले. माझ्या शेजारची बाई मार्सेयचीच होती, आईवडील अल्जीरियाचे. डोक्यापासून घोट्यापर्यंत निळा पोशाख. तिनं दोन्ही मुलींची जॅकेटं तपासली, आणि मी "बिस्मिल्लाह" एवढं ऐकेपर्यंत ती मागच्या पायरीवरून पाण्यात होती. डोकं वर आलं ते दहा हात लांब. बोटीवर बिकिनीतल्या बाया होत्या, बियर पिणारे दोन म्हातारे होते. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही, तिनंही कुणाकडं पाहिलं नाही. कपड्यांची चर्चा झाली ती आपल्याकडं, ग्रुपवर.

आता माझ्या मैत्रिणीला. याच किनाऱ्यानं पूर्वेला गेलं की कान आणि नीस ही शहरं लागतात. १४ जुलै २०१६ला नीसमध्ये एका माणसानं गर्दीत ट्रक घातला आणि ८६ माणसं मारली. त्या मेलेल्यांत मुसलमानही होते. दोन आठवड्यांनी कानच्या महापौरांनी बुर्किनीवर बंदी घातली, मग नीसनं, मग बघता बघता तीसेक गावांनी. नीसच्या किनाऱ्यावर हत्यारबंद पोलिसांसमोर एक बाई अंगातला वरचा कपडा काढते आहे, हा फोटो जगभर गेला. २६ ऑगस्टला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं व्हिलनव्ह-लुबेचा बंदीहुकूम स्थगित केला. सुव्यवस्थेला धोका दाखवता येत नसेल तर मूलभूत स्वातंत्र्यावर असा घाला घालता येणार नाही, असं सांगितलं. त्याच ऑगस्टमध्ये मार्सेयच्या काही बायकांच्या संघटनेनं शहराबाहेरचं एक वॉटर पार्क फक्त बायका-मुलांसाठी एक दिवस भाड्यानं घेतलं होतं. इतका गदारोळ झाला की तो दिवसच रद्द करावा लागला. म्हणजे पुरुषांसमोर अंग झाकून पोहाल तर मागास, आणि पुरुषांशिवाय पोहाल तर फुटीर. मग पोहायचं कसं, याचं उत्तर त्या महापौरांकडं नव्हतं. बाई, तुझ्याकडं आहे का?

मी स्वतः बुर्किनी घालणार नाही. मला तो पोशाख गैरसोयीचा वाटतो, आणि मुसलमान बाईच्या अंगाचा हिशेब दर पिढीत नव्यानं मांडला जातो याचा मला कंटाळा आहे. पण तू त्या फोटोत पोशाख पाहिलास. ती बाई त्या पोशाखात दहा हात पाण्याखालून गेली, आणि मी मात्र उघड्या डोक्यानं, सलवार-कमीजमध्ये, पायरीची दांडी दोन्ही हातांनी धरून गुडघाभर पाण्यात उभी होते. मला पोहता येत नाही.

इथून पुढचं घरच्यांसाठी आहे, आणि ते मैत्रिणीला सांगितलं त्यापेक्षा कडू आहे.

आमचं खानदान दर्यावर्दी. आजोबा बोटीवर सारंग, चुलते खलाशी, दोन भाऊ मर्चंट नेव्हीत. मराठीला दर्या, बंदर, नाखवा, सुकाणू हे शब्द ज्या फारसी-अरबीनं दिले, ती भाषा आमच्या घरांत नमाजेइतकीच समुद्रावरून आली. समुद्रानं आम्हाला घरं बांधून दिली. पण ज्या घराच्या मागच्या दारात भरतीचं पाणी येतं, त्या घरातल्या एकाही बाईला पोहता येत नाही. मुलगी नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत भावाबरोबर खाडीत डुंबते. मग एक दिवस तिला सांगतात, आता बस. भाऊ त्याच पाण्यात पट्टीचा पोहणारा होतो. तिच्या वाट्याला समुद्र येतो तो सुपातून, खवलं काढायला.

माझी धाकटी फूफी तर उलटून गेली. मी आठ वर्षांची होते. पलीकडच्या गावचं लग्न आटोपून संध्याकाळी परतत होते सगळे. काठ एवढा जवळ होता की धक्क्यावर उभे असलेले लोक चेहरे ओळखत होते. होडीत अकरा जण होते, पुरुष सगळे पोहून बाहेर आले. त्यांनी परत उड्या घेऊन दोन बायका आणि एक मूल काढलं, हेही खरं. फूफी आणि तिची जाऊ राहिल्या. बुरखा भिजून पायांत अडकला असं लोक म्हणाले, आणि शेजारच्या आळीत त्यावरून आमची चेष्टाही झाली. पण जाऊबाईंनी त्या दिवशी साडी नेसली होती. दोघी बुडाल्या, कारण दोघींना पोहता येत नव्हतं. घरात मात्र 'अल्लाहची मर्जी' एवढंच बोललं गेलं, आणि त्यानंतर आम्हा मुलींचं खाडीवर जाणं पार बंद झालं. मुलगी बुडाली म्हणून बाकीच्यांना पोहायला शिकवण्याऐवजी पाण्यापासून लांब ठेवलं. चाळीस वर्षं झाली, हा हिशेब मला अजून कळलेला नाही.

व्हॉइस मेसेजवाल्या चाचांना दीनचा दाखला लागतो, म्हणून दीनचाच देते. आपल्याकडं वाजात उम्मे हराम यांचं नाव क्वचितच ऐकू येतं. त्या हजरत अनस यांच्या खाला. बुखारी शरीफमध्ये त्यांचा किस्सा आहे. प्यारे नबी ﷺ त्यांच्या घरी दुपारी झोपले होते, ते हसत उठले. कारण विचारल्यावर म्हणाले, माझ्या उम्मतीतले लोक समुद्रावर स्वार झालेले पाहिले, तख्तावरच्या बादशहांसारखे. उम्मे हराम म्हणाल्या, मी त्यांच्यात असावी अशी दुआ करा. 'समुद्र बाईमाणसाची जागा नाही' असं उत्तर त्यांना मिळालं नाही. दुआ मिळाली. पुढं सातव्या शतकात मुसलमानांचा पहिला ताफा याच भूमध्य समुद्रातून सायप्रसला गेला, त्यात त्या होत्या. तिथंच जनावरावरून पडून त्यांचा इंतकाल झाला. लार्नाकाच्या खाऱ्या तळ्याकाठी त्यांची मजार आहे, तुर्क तिला हाला सुलतान म्हणतात. चाचा, ज्या समुद्रावर माझं बसणं तुम्हाला खटकलं, त्या समुद्रावर जायचं एका सहाबियानं मागून घेतलं होतं.

आणि मुलांना पोहायला, तीर मारायला, घोड्यावर बसायला शिकवा, हे हजरत उमर यांच्या नावावर सांगितलं जाणारं वचन तर जमातीच्या कार्यक्रमात दरवर्षी ऐकते. त्यातली 'मुलं' म्हणजे फक्त मुलगे, हे कुणी ठरवलं? तुमच्या अम्मी, म्हणजे माझ्या चुलत दादी, मुंबईहून जहाजानं हजला गेल्या होत्या. १९९५पर्यंत ती जहाजं जात होती. परक्या मर्दांनी भरलेल्या बोटीवर, अथांग पाण्यावर इतके दिवस. तेव्हा कुणी पर्द्याचा मेसेज पाठवला नाही, कारण बाई पुण्य कमवायला चालली होती. तिनं पाण्याची मजा घेतली की मात्र आपल्या घशात काटा अडकतो. खरी अडचण मजेची आहे, पर्द्याची नाही. पर्द्याची असती तर त्यावर तोड काढणं अगदी सोपं होतं.

सोपं होतं हे मी उगाच म्हणत नाही. पाच वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावात तरणतलाव झाला. मी जमातीला अर्ज दिला की आठवड्यातून दोन दुपारी फक्त बायकांची बॅच मागू, शिकवणारी बाई असेल, दारावर बाई बसेल, प्रवाससुद्धा एकत्र करू. बैठकीत बायकांना बसायची सोय नाही, म्हणून अर्ज भावाच्या हाती पाठवला. उत्तर आलं, आधी मुलींच्या अरबीच्या वर्गाचं बघू. अरबीच्या वर्गाला माझा विरोध कधीच नव्हता, पण तो वर्ग अजूनही सुरू झालेला नाही. त्या वर्षी शादीखान्याला ग्रॅनाइट मात्र बसलं.

शाळेत मार्सेय हे नाव आम्ही एकाच कारणासाठी शिकलो. ८ जुलै १९१०, सावरकर, मोरिया बोट, ती उडी. माणसाच्या पुढच्या राजकारणाबद्दल माझं मत काय असेल ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे, इथं तो विषय नाही. पण परत जाताना मोटारीतून बंदर पाहताना मनात आलं, की उडी मारणं ही पुढची गोष्ट, आधी नाशिकच्या त्या मुलाला कुणीतरी पोहू दिलं होतं. उघड्या बंदरातून, कुणी न थांबवता.

त्या दिवशी बोटीवर अल्जीरियन बाई पाण्यातून माझ्याकडं आली. तिला इंग्रजी तुटक, मला फ्रेंच शून्य. तिनं माझ्या पोटाखाली हात धरला आणि मान वर ठेवायची खूण केली. मदतनीस मुलीनं मला जॅकेट बांधलं. पाणी विलक्षण गार होतं, मिस्त्राल होऊन गेला की वरचं ऊबदार पाणी लोटलं जातं आणि खालचं वर येतं म्हणे. मी एक हात दांडीवरून काढला. दुसरा नाही काढला. धाकटी मुलगी वरून मोजत होती, आणि तिच्या आईनं नंतर सांगितलं की ती चाळीसपर्यंत पोचली होती.

अर्ज पुन्हा लिहिला आहे. या वेळी खाली नावं घेतली आहेत, सतरा झाली. सगळ्यात लहान नऊ वर्षांची आहे, सगळ्यात मोठी एकसष्टची, ती फूफीच्या जावेची मुलगी. येत्या जुम्याला भाऊ तो जमातीत देईल.