नाव आणि पूल

विमानाचें युग आलें, तरी पाणी ओलांडण्याची चिंता मनुष्यास चुकली नाहीं. कित्येक नगरांनीं जागेच्या अभावीं आपले विमानतळ बेटांवर बांधिले. आणि हजारों कोस आकाशमार्गें आलेला प्रवासी शेवटच्या पाव कोसासाठीं पाण्याच्या कांठीं खोळंबूं लागला. त्यास पैलतीरीं कसें न्यावें, हा प्रश्न वरकरणीं परदेशचा दिसेल; परंतु वैनगंगेच्या टापूंत राहणाऱ्या आम्हांस तो घरचाच वाटतो.

कॅनडांतील टोरांटो शहराचा एक विमानतळ ओंटारिओ सरोवराच्या बेटावर आहे. मधलें पाणी अवघें 121 मीटर. तेथें वर्षानुवर्षें नावेनेंच ये-जा होत असे. 2015 च्या जुलैंत पाण्याखालून पायीं जाण्याचें भुयार खुलें झालें. तथापि नाव मोडीत काढिली नाहीं, कारण त्या भुयारांतून मोटारी जात नाहींत. जपानांत ओसाकाजवळ समुद्रांत भराव घालून केलेल्या बेटावर कान्साई विमानतळ 1994 सालीं सुरू झाला. त्यास जमिनीशीं जोडणारा भक्कम पूल आहे. 4 सप्टेंबर 2018 रोजीं वादळांत एक तेलवाहू जहाज त्या पुलावर आदळलें, आणि हजारों प्रवासी बेटावर अडकले. त्यांस सोडविण्यास जलद नावाही धांवून आल्या. तात्पर्य, पूल श्रेष्ठ कीं नाव श्रेष्ठ, हा वाद व्यर्थ होय. एकाच साधनावर विसंबणें हाच खरा दोष.

आतां आपल्याकडे पाहूं. 1982 सालीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला, आणि वैनगंगा दोन जिल्ह्यांची शीव बनली. परंतु मजुरी व सोयरीक यांनीं शीव मानिली नाहीं. 23 जानेवारी 2024 रोजीं चामोर्शी तालुक्यांतून मिरची तोडावयास पलीकडे निघालेल्या स्त्रियांची नाव वैनगंगेंत उलटली, व कित्येक घरें दुःखांत बुडालीं. तिकडे भामरागडास पर्लकोटेचा पूर पुलावरून वाहून वाट तुटल्याच्या वार्ता पावसाळ्यांत वारंवार आलेल्या आहेत.

कोणी म्हणतील, सर्वत्र उंच पूल बांधावे, म्हणजे नावेची कटकटच मिटेल. जेथें वर्दळ आहे तेथें पूल अवश्य व्हावा. परंतु घाटोघाटीं पूल होणें शक्य नाहीं. आणि पूल दूर असला तर ज्याची मजुरी दिवसावर आहे तो डोंग्यांतच बसणार. म्हणून डोंग्यास नांवें ठेवण्यापेक्षां तो सुरक्षित करावा, असें आमचें मत आहे. दरवर्षीं त्याची तपासणी व्हावी. किती माणसें बसावीं तो आंकडा त्याच्या बाजूवर ठळक रंगवावा. पाण्याच्या धोक्याची खूण घाटावर असावी. आणि उतारूंची गर्दी करून पोट भरण्याची पाळी नावाड्यावर येऊं नये, म्हणून त्यास ठराविक वेतन मिळावें. एका पुलाच्या खर्चापुढें हा खर्च कांहींच नव्हे.

समुद्रावरून दूर जाणाऱ्या विमानांत प्रत्येक प्रवाशासाठीं तरंगण्याचें जाकीट ठेविलेलें असतें. बहुतेक प्रवाशांस त्याचें कधीं कामही पडत नाहीं. तरी तें ठेवण्याचा आळस कोणी करीत नाहीं. मग रोज पहांटे नदी ओलांडणाऱ्या मजूर बाईच्या अंगावर तें कां नसावें? तिचा जीव कांहीं स्वस्त नाहीं. हा प्रश्न आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं आपापल्या गांवीं ग्रामसभेंत अवश्य विचारावा.