तारा निघाल्यावर काय, हे आधी सांगा

मुलांच्या दातांना तारा लावायचं ठरलं की घरातून दोन प्रश्न हमखास विचारले जातात: किती दिवस आणि किती पैसे. दीड-दोन वर्षं आणि एक ठोक रक्कम, असं उत्तर मिळतं. तारा निघाल्यावर काय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि अनेक दवाखान्यांतही तो विषय शेवटीच निघतो. तारा काढल्या जातात, मूल आरशासमोरून हलायला तयार नसतं, आणि त्या गडबडीत हातात एक डबी येते: आत रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं काढता-घालता येणारं साधन, आणि सोबत ‘रोज घालायचा’ एवढी सूचना. ही डबी पहिल्या भेटीतच टेबलावर यायला हवी, असं माझं ठाम मत आहे. रिटेनर किती वर्षं वापरायचा, त्याला खर्च किती, मोडला किंवा हरवला तर पुढे काय, हे तारा लावण्याआधी लेखी मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.

याचं कारण दात सरकतो कसा, यातच आहे. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तारेचा दाब पडला की एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात हळूहळू जागा बदलतो. तारा निघतात त्या दिवशी दात सरळ दिसतात, पण भोवतालचं काम अपुरं असतं. मुळाजवळचे तंतू नव्या जागी रुळायला तीन-चार महिने घेतात. हिरडीतले लवचीक तंतू जास्त चिवट. त्यांना वर्षभरही लागू शकतं, आणि तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. गिरकी घेतलेला दात सरळ केला असेल तर ही ओढ विशेष जाणवते. म्हणून सुरुवातीचे महिने बहुधा जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र रिटेनर घालायला सांगतात. एवढं बरीच मुलं पाळतात. ‘वर्ष झालं, आता दात बसले’ असं समजून तो कपाटात गेला की खरी अडचण सुरू होते.

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून तारा लावलेल्या रुग्णांचा रिटेनर थांबल्यानंतर अनेक वर्षं मागोवा घेतला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा वर्षांनी सुमारे दोन-तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात पुन्हा असमाधानकारक स्थितीत होते. १९८८च्या अभ्यासात, वीस वर्षांनी, ठीक म्हणता येईल अशी रांग जेमतेम दहा टक्क्यांची उरली होती. हे रुग्ण विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या हाताखालचे होते, त्यामुळे ‘डॉक्टरनंच काम कच्चं केलं’ हा घरोघरी निघणारा निष्कर्ष घाईचा ठरतो. ज्यांनी आयुष्यात कधी तारा लावल्या नाहीत, त्यांचेही खालचे दात वयाबरोबर दाटीवाटीने येतात. अक्कलदाढेवर खापर फोडणंही सोपं, पण तिच्यामुळे पुढचे दात वाकडे होतात असं अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. केवळ या भीतीपोटी ती काढू नये.

यावर दंतवैद्यांचा आक्षेप असा, की वर्षानुवर्षं रात्री रिटेनर घालायचा असं आधीच सांगितलं तर लोक घाबरून उपचारच टाळतील. काहीजण टाळतीलही. पण ज्याला चष्मा लागला त्याला तो घालत राहावा लागेल हे आपण लपवत नाही, मग इथे का लपवावं? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: थोडे दात सरकले तर बिघडलं काय? काहीच नाही, जर त्या माणसाला चालत असेल तर. मात्र तो निर्णय माहिती असून घेतलेला हवा. पस्तिशीत पुन्हा तारांचा खर्च समोर आल्यावर कळलेला नको. आणखी एक मार्ग सुचवला जातो तो दातांच्या मागे कायम चिकटवलेल्या बारीक तारेचा. ती उपयोगी आहे, पण तिच्याभोवती कीटण साचतं, आणि एका दातावरून ती सुटली तर घालणाऱ्याला अनेकदा पत्ताही लागत नाही. तीही तपासत राहावीच लागते.

आपल्याकडे या सगळ्याला एक खास अडचण आहे. तारा निघतात साधारण दहावीच्या आसपास, आणि मूल अकरावी-बारावीसाठी लातूर, पुणे किंवा थेट कोट्याला जातं. डॉक्टर गावात, रिटेनर वसतिगृहात. मेसमध्ये जेवताना तो कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला जातो आणि खरकट्याबरोबर जातो. पारदर्शक असेल तर कुणीतरी गरम पाण्यात धुतो आणि त्याचा आकारच बदलतो. कधी तो न घालताच दोन-तीन आठवडे जातात आणि मग घातला की घट्ट लागतो. दात हलल्याची ती पहिली खूण. तेव्हा तो जबरदस्तीने न दाबता लगेच दवाखाना गाठायचा, हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं असतं का? म्हणून ठरलेल्या रकमेत निदान एक जादा रिटेनर धरावा, तारा काढल्यावर घेतलेला दातांचा साचा किंवा स्कॅन कुटुंबाच्या ताब्यात द्यावा, आणि मूल परगावी निघण्याआधी एक तपासणी आधीच ठरवून ठेवावी. साचा हाताशी असला आणि दात अजून हलले नसले, तर दुसऱ्या शहरातला दंतवैद्यही त्यावरून नवा रिटेनर करून देऊ शकतो.