मूल एक, विवरणपत्रे दोन

अमेरिकेत पती-पत्नींना प्राप्तिकराचे विवरणपत्र एकत्र भरता येते, तसेच स्वतंत्रही. जोडीदाराच्या करदायित्वाचा भार आपल्यावर नको, शैक्षणिक कर्जाचा हप्ता केवळ स्वतःच्या उत्पन्नावर ठरावा, अशा कारणांनी काही जोडपी दुसरा मार्ग धरतात. संसारात फूट पडलेली जोडपी तर नाइलाजानेच. मात्र उत्पन्न विभागता येते, मूल नाही. एका मुलाबद्दलची सवलत एकाच विवरणपत्रात मागता येते आणि खरा पेच येथे सुरू होतो.

भारतीय करदात्याला हा पेच अपरिचित वाटेल. आपल्याकडे पती-पत्नींचे एकत्रित विवरणपत्रच नाही. अज्ञान मुलाच्या ठेवीवरील व्याज अधिक उत्पन्न असलेल्या पालकाच्या उत्पन्नात मिळवायचे, एवढ्यापुरतेच मूल बहुतेकदा विवरणपत्रात डोकावते. अमेरिकेत मात्र मूल असणे हीच सवलतीची बाब आहे. २०१७ च्या कायद्याने ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ दोन हजार डॉलर झाले होते. जुलै २०२५ च्या कायद्याने ते २०२५ या करवर्षापासून २,२०० डॉलरवर नेले. ही रक्कम उत्पन्नातून नव्हे, थेट करातून वजा होते.

पती-पत्नी एकाच घरात राहत असतील, तर दावा कोणी करायचा हे ते आपसात ठरवू शकतात. दोघांनीही केला, तर मूल वर्षात ज्याच्याजवळ अधिक दिवस राहिले त्याचा दावा ग्राह्य धरला जातो. दिवस समान असतील तर अधिक उत्पन्न असलेल्याचा. शिवाय स्वतंत्र विवरणपत्र भरणाऱ्याला पाळणाघराच्या खर्चावरील सवलत सहसा मिळतच नाही. वर्षाचे शेवटचे सहा महिने जोडीदारापासून वेगळे राहून, घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग उचलून मुलाला अर्ध्याहून अधिक वर्ष सांभाळणाऱ्याला ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ हा अधिक सोयीचा दर्जा मिळू शकतो. पण त्यासाठी घर चालवण्याइतका पैसा हाती हवा.

तिकडे नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न दुहेरी भिडतो. भारतात जन्मलेल्या, एच-४ व्हिसावरील मुलाला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही. त्याच्यापोटी फार तर पाचशे डॉलरची सवलत. २०२५ पासून पालकाकडेही तो क्रमांक असणे आवश्यक झाले. एकत्र विवरणपत्रात दोघांपैकी एकाचा पुरतो. काम करण्याची परवानगी नसलेली पत्नी स्वतंत्र विवरणपत्र भरू लागली, तर मूल अमेरिकेत जन्मलेले असूनही ती मोठी सवलत तिला मागता येत नाही.

वेगळे राहणाऱ्या पतीला ती हवी असेल, तर मूल सांभाळणाऱ्या पत्नीला ‘फॉर्म ८३३२’ वर सही करून आपला हक्क सोडावा लागतो. तिच्या हाती उरते ती एवढीच सही. पतीला मिळालेल्या सवलतीतील वाटा तिला मिळेल, याची हमी करकायदा देत नाही. तो पोटगीच्या करारातच लिहून घ्यावा लागतो. सही एका वर्षापुरती करायची की पुढील वर्षांसाठीही, हा पर्याय त्याच फॉर्मवर आहे. एकदा दिलेली संमती मागे घेता येते, पण तसे पतीला कळवल्यानंतरच्या करवर्षापासूनच.