डोंगराच्या कपड्यांतली शहरी गाडी

साताऱ्याहून आलेल्या साडूंनी पार्किंगमध्ये माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या टायरला चपलेच्या टोकाने ठोकून पाहिलं आणि विचारलं, "ॲव्हरेज काय देती?"

"कुठं?" मी म्हणालो.

"कुठं म्हंजे? गाडीचं इचारतोय."

मी आकडा लपवतोय असं त्यांना वाटलं असणार. पण अडीच वर्षं आणि तीसेक हजार किलोमीटर ही हायब्रिड एसयूव्ही चालवल्यावर या प्रश्नाला माझ्याकडे 'कुठं?' हेच उत्तर उरलं आहे. ते न विचारता ठोकून दिलेल्या प्रत्येक मताशी माझं भांडण आहे, मग ते मत गाडीच्या बाजूचं असो की विरुद्ध. गाडी कोणाची ते मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की पुढचा मजकूर जाहिरात ठरतो नाहीतर तक्रार. आकडे लागतील तिथे मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या सख्ख्या बहिणींचे घेतो. दोघी २०२२ साली कर्नाटकातल्या बिडदीच्या कारखान्यातून बाहेर पडल्या, आणि आपल्याकडे 'हायब्रिड एसयूव्ही' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे त्याच येतात.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. याच नावाच्या गाड्या 'माइल्ड' हायब्रिड म्हणूनही विकल्या गेल्या. त्यात इंजिनाला थोडा हातभार लावणारी छोटी विद्युतयंत्रणा असते, पण नुसत्या मोटरवर चाक फिरत नाही. 'स्ट्राँग' हायब्रिडमध्ये ते फिरतं. या दोन वेगळ्या जाती आहेत. तरी लग्नाच्या पंगतीत "माझ्या मेहुण्याची हायब्रिड आहे, तेरा देते" असं कोणी ठासून सांगतो तेव्हा मेहुण्याची कुठली, हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. असली अर्धी मतं इथेच बाद होतात.

आता उरलेल्यांकडे वळू. सगळ्यात जोरात येणारा आक्षेप असा: कंपनी २७.९७ सांगते, हातात पडतात अठरा-एकोणीस, म्हणजे ही शुद्ध फसवणूक आहे.

हा आकडा 'एआरएआयचा' म्हणून ओळखला जातो. चाचणी दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत झाली तरी लोक नाव एआरएआयचंच घेतात. ती संस्था पुण्यात कोथरूडला वेताळ टेकडीवर आहे, आणि सकाळी फिरायला जाणारी मंडळी त्या भागाला सरळ 'एआरएआय टेकडी' म्हणतात. ॲव्हरेजवरून भांडणाऱ्या कित्येकांनी त्या कुंपणाशेजारून रोज चार चकरा मारलेल्या असतील. या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरवर उभी असते, चाकं जागच्या जागी फिरतात आणि ड्रायव्हर पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग वाढवतो-उतरवतो. सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी. अंतर साडेदहा किलोमीटरच्या जरा वर, सरासरी वेग ताशी तिशीच्या थोडा पुढे आणि सर्वांत जास्त वेग ९०, तोही घटकाभर. एसी बंद. आणखी गंमत म्हणजे पेट्रोल मापाने मोजत नाहीत, सायलेन्सरमधून बाहेर पडलेल्या वायूंमधल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळलं ते काढतात.

हा वेग, हे थांबणं, हे पुन्हा निघणं नीट पाहा. मोटरवर सरकायचं आणि ब्रेक लावताना वीज परत गोळा करायची, हेच स्ट्राँग हायब्रिडचं घरचं अंगण. पेपर तिच्या पाठ असलेल्या धड्यावर निघतो आणि ती सत्त्याण्णव टक्के पाडते. त्यात कॉपी नाही. म्हणून 'फसवणूक' हा शब्द मी मान्य करत नाही. पण तोच आकडा फलकावर हातभर अक्षरांत लावताना त्याखाली रस्त्याचा प्रकार लिहायचा नाही, यातली चलाखीही नाकारत नाही. मी बुकिंग केलं तेव्हा समोरच्या सेल्समननं "सर, टाकी फुल करा आणि बाराशे किलोमीटर विसरा" असं सांगितलं होतं. पंचेचाळीस लिटरची टाकी गुणिले सत्तावीस केलं की तेवढेच होतात. गुणाकार बरोबर होता, पण तसला रस्ता त्या रोलरबाहेर कुठेच नाही.

आणि मोजणारे आपण तरी कुठले इतके नेमके! पंपावर ऑटो कट लागला की पोऱ्या विचारतो, "राउंड फिगर करू का?" आपण मान हलवतो, तो आणखी दोन-तीनदा नोझल दाबतो. तीनशे किलोमीटरनंतर पंधरा लिटर गेलं तर वीसचं ॲव्हरेज निघतं, सोळा गेलं तर पावणेएकोणीस. त्या एका लिटरवर माणसं "सर्व्हिसिंगनंतर गाडी बिघडली" असं अनुमान काढतात. मी कायम एकाच पंपावर, पहिल्या कटलाच थांबून भरतो आणि वहीत लिहितो. रोजच्या सिंहगड रस्ता ते हिंजवडी रांगेत २२ ते २४. साताऱ्याला ऐंशी-पंच्याऐंशीनं गेलं तर २१. एक्स्प्रेसवेवर शंभरानं, एसी लावून, चौघं बसून १८. गाडी एकच, चालवणाराही एकच.

एक्स्प्रेसवेवर ती अशी का खाते? कारण तिथे हायब्रिडला करण्यासारखं फारसं काही नसतं. ब्रेक लागत नाही, म्हणून वीज परत मिळत नाही, आणि इंजिन सलग चालू राहतं. वर एसयूव्हीची ती उंच, चौकोनी छाती. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ऐंशीवरून शंभरावर गेलं की तो दीडपटीहूनही जास्त होतो. "हायवेला डिझेलच बरं" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ते बरोबर आहेत.

दुसरा आक्षेप चढाचा. "घाटात दम नाही, इंजिन नुसतं बोंबलतं." हाही खरा आहे, पण लोक देतात ते कारण चुकीचं आहे. गिअरबॉक्स खराब म्हणतात. खरं म्हणजे तिच्यात नेहमीसारखे गिअरच नाहीत. दातेरी चाकांच्या एका संचाने इंजिन, मोटर आणि चाकं एकमेकांना जोडलेली असतात आणि इंजिन किती फिरावं ते गाडीच्या वेगाशी बांधलेलं नसतं. संगणकाला ताकद हवी झाली की तो इंजिनाला एकदम वर नेतो आणि तिथेच धरून ठेवतो. वेग मात्र सावकाश वाढतो. कानाला वाटतं क्लच घसरतोय.

खरी मेख बॅटरीत आहे. ती आहे ०.७६ किलोवॉट तासांची. महावितरणच्या बिलाच्या भाषेत पाऊण युनिट. आता लोणावळ्याहून खोपोलीला उतरायचा हिशेब मांडा. उंचीतला फरक साडेपाचशे मीटरच्या आसपास, माणसं-सामान धरून गाडी सोळाशे किलोची. एवढं वजन एवढं खाली आणलं की सुमारे २.४ युनिटं ऊर्जा मोकळी होते. काही हवेशी आणि टायरच्या घर्षणात जाते हे कबूल, पण उरलेली साठवायला भांडं पाऊण युनिटाचं, आणि तेही काठोकाठ भरायचं किंवा तळापर्यंत उपसायचं नाही, कारण तसं केलं तर बॅटरी टिकत नाही. म्हणून अर्ध्या घाटात भांडं भरतं आणि गाडी ब्रेकसाठी इंजिन घुमवायला लागते. पेट्रोल न जाळता नुसतंच घुमवते, पण मागच्या सीटवरून आई विचारते, "अरे, उतारावर कशाला एवढी रेस करतोस?"

चढताना हेच उलटं. एकत्रित ११५ च्या आसपास अश्वशक्ती सांगितली जाते, त्यात मोटरचा वाटा बॅटरीच्या जिवावर असतो. पहिल्या काही वळणांत ते पाणी संपतं आणि तीन सिलिंडरचं, ९२ अश्वशक्तीचं इंजिन तेवढं उरतं. तेही ॲटकिन्सन पद्धतीचं. थेंब वाचवण्यासाठी जाणूनबुजून जोर सोडून दिलेलं. काटकसरी माणसाला गोणी उचलायला लावल्यावर तो कण्हणारच.

तेव्हा माझं म्हणणं असं की ही शहराची गाडी आहे. तिला डोंगराचे कपडे घातले आहेत, जाहिरातीत चिखल उडवत कड्यावर उभी केली आहे, आणि मग घेणारा तिला त्याच कड्यावर नेऊन नापास करतो. गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. ग्रँड व्हिटाराची चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती आली ती माइल्डमध्ये, स्ट्राँगमध्ये नाही. डोंगराचं काम त्यांनी स्वतःच दुसरीकडे सोपवलं. डिकीचंही तसंच. माइल्डमध्ये ३७३ लिटर, स्ट्राँगमध्ये बॅटरी बसवल्यावर २६५. गणपतीला कोकणात जाताना आमच्या आरतीच्या पेटीसाठी पुतण्याला मांडी आक्रसून बसावं लागतं.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे भक्तांकडे. हे म्हणतात, जास्तीचे पैसे पेट्रोलमध्ये वसूल होतात. २०२२ साली बाजारात आल्या तेव्हा ग्रँड व्हिटाराच्या वरच्या दर्जाच्या माइल्ड ऑटोमॅटिक आणि स्ट्राँग गाडीच्या शोरूम किमतीत दोन लाख साठ हजारांचा फरक होता. शहरात एक १३ देते आणि दुसरी, हातचं राखून, २० असं धरा. पेट्रोल १०४ रुपये. किलोमीटरमागे आठ रुपये आणि पाच रुपये वीस पैसे, बचत दोन रुपये ऐंशी पैसे. फरक फिटायला ९३ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला पावणेआठ वर्षं, दोन हजार फिरणाऱ्याला चार. आणि फक्त हायवेवर फिरणारा? तिथे १८ आणि १६ धरले तर साडेतीन लाख किलोमीटर ओलांडावे लागतील, तोवर गाडीही राहणार नाही. करात सवलतीची आशाही फारशी नको. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानंतरही एवढ्या लांबीच्या हायब्रिडला साध्या मोठ्या पेट्रोल गाडीइतकाच ४० टक्के कर आहे, बॅटरीवरच्या गाडीला पाच. वसुलीचा मुद्दा घेऊन ही गाडी घेणाऱ्याने आधी आपला रस्ता पाहावा.

बॅटरी गेली की दोन-तीन लाखांना मेलो, या धास्तीवर फार वेळ घालवत नाही. टोयोटाची या बॅटरीवर आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी आहे, आणि हे तंत्र प्रियसबरोबर १९९७ पासून रस्त्यावर आहे. रोजच्या जीवनात दगा देते ती साधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी. गाडी महिनाभर उभी राहिली की ती उतरते आणि एवढी मोठी हायब्रिड चालूच होत नाही. मुलीकडे परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांनी शेजाऱ्याला किल्ली देऊन जावी.

मग मी ही घेतली कशाला, आणि पुन्हा घेईन असं का म्हणतो?

संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीतून निघा. पुढे टेम्पो, बाजूला पीएमपीची बस, दोन्हींच्या मधल्या फटीतून घुसणारी स्कूटर. पाच मीटर पुढे, थांबा. तीन मीटर पुढे, थांबा. या सगळ्यात माझी गाडी बहुतेक वेळ गप्प असते. इंजिन बंद, एसी चालू (त्याचा कॉम्प्रेसरही विजेवर), आणि पाय ब्रेकवरून जरा उचलला की लोणी सरकावं तशी पुढे. दहा-बारा मिनिटांनी इंजिन जागं होतं, बॅटरीत थोडं भरतं, पुन्हा झोपतं. आधीच्या गाडीत याच दीड तासात माझा डावा पाय क्लचवर इतक्यांदा जायचा की घरी जिना चढताना गुडघा बोलायचा. तो आता बोलत नाही. ब्रेकचा स्पर्श पहिला महिनाभर विचित्र वाटला, आधी मोटर ओढते आणि शेवटी खरा ब्रेक पकडतो. मग सवय झाली. कुठल्याच माहितीपत्रकात या गुडघ्याचा आकडा नाही आणि मालकमंडळीही सांगत नाहीत, कारण "ॲव्हरेज काय देते?" याच्या उत्तरात तो बसत नाही.

त्या दिवशी साडूंना म्हटलं, तुम्हीच चालवा. शनिवार संध्याकाळ, लक्ष्मी रस्त्यावरून श्रीखंड आणायचं होतं. ते गेले आणि तासाभराने आले.

"दोनदा बंद पडली हो. म्या बटन दाबून परत चालू केली."

बंद पडली नव्हती. ती गप्प होती, यांनी बटण दाबून खरंच बंद केली आणि मग पुन्हा चालू केली. पडद्यावर त्या फेरीचे सव्वीस दिसत होते. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"मग हे खरं का तुमचं अठरा खरं?"

दिवाळीत त्यांनी डिझेल घेतली. त्यांचं शेत बामणोलीकडे आहे आणि आठवड्यातून तीनदा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावरून जायचं असतं, परतीला मागे दोन पोती. त्यांनी घेतली ती गाडी मी सुचवली असती, फक्त त्यांनी मला विचारलं नाही.